नीट भांडता येण्यासाठी

कार्यालयातील भांडणांपैकी फारच थोडी भांडणे प्रत्यक्ष कार्यालयात होतात. साहेबांना जे सुनवायचे असते ते संध्याकाळी नवऱ्याला ऐकावे लागते, सहकाऱ्यावरचा राग मुलाच्या गृहपाठावर निघतो आणि उरलेसुरले रात्री आढ्याकडे पाहत, दोन्ही बाजूंचे संवाद स्वतःच म्हणत, मनातल्या मनात पार पडते. ज्याच्याशी खरा तंटा आहे त्याच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोरडा नमस्कार येतो. सहकारी बँकेतील सारी नोकरी मी अशा नमस्कारांच्या सहवासात केली आणि निवृत्तीनंतर शाळा, रुग्णालये, कारखाने, संगणक कंपन्या अशा ठिकाणी काम करणाऱ्या ओळखीच्या माणसांशी बोलतानाही हेच पुन्हा पुन्हा ऐकले.

समुपदेशन म्हणजे माणसाला शांत करण्याची, ‘सोडून द्या हो’ हे जरा सुशिक्षित भाषेत पटवून देण्याची सोय, असे पुष्कळ कर्मचाऱ्यांना वाटते, म्हणून ते तिकडे फिरकत नाहीत. आणि पुष्कळ व्यवस्थापनांनाही नेमके तसेच वाटते, म्हणून ती त्याची व्यवस्था करतात. मला स्वतःला जो अनुभव आला आणि त्यानंतर या विषयावर जे वाचायला, ऐकायला मिळाले, त्यावरून माझे मत निराळे झाले आहे. मानसोपचाराच्या पद्धती नीट वापरल्या तर त्या माणसाला भांडणातून उठवून बाजूला बसवत नाहीत. त्याचे भांडण कोणाशी आहे, कशाबद्दल आहे आणि त्यातून त्याला काय हवे आहे, हे त्या त्याला स्पष्ट करून देतात, आणि मग ते भांडण योग्य जागी, योग्य माणसाशी, ताठ मानेने भांडण्याचे बळही देतात.

आमच्या बँकेतलेच उदाहरण घेते, कारण ते मला आतून माहीत आहे. बँकेच्या कामात नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा, हा नियम असतो. पैसे काढण्याची पावती काउंटरवरील लिपिकाने तपासायची, संगणकात नोंदवायची आणि अधिकाऱ्याने ती पाहून ‘पास’ करायची. त्याशिवाय रोखपालाने पैसे द्यायचे नाहीत. हा नियम अतिशय शहाणपणाचा आहे आणि तो नसता तर अनेक बँका कधीच बुडाल्या असत्या. पण त्याचा एक परिणाम असा की दोन माणसे दिवसभर एकमेकांच्या कामात चूक शोधण्याच्या आणि न शोधण्याच्या नात्याने बांधली जातात. लिपिकासमोर ग्राहक उभा असतो, त्याला घाई असते, एसटी पकडायची असते. अधिकाऱ्यासमोर ऑडिटर उभा असतो, जरी तो वर्षातून काही दिवसच येत असला तरी. अक्षरी रकमेत एखादा शब्द राहिला किंवा सही नमुन्याशी जुळली नाही, तर लिपिकाच्या दृष्टीने ती दोन मिनिटांची दुरुस्ती असते आणि अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती उद्याच्या चौकशीची पहिली ओळ असते. दोघांचेही बरोबर असते. असे तंटे माणसांच्या स्वभावातून उगवत नाहीत, ते कामाच्या आखणीतच पेरलेले असतात. वॉर्ड आणि प्रयोगशाळा, उत्पादन विभाग आणि गुणवत्ता तपासणी, वार्ताहर आणि उपसंपादक, यांच्यात वर्षानुवर्षे, माणसे बदलली तरी, तीच कुरबुर का चालू राहते याचे उत्तर इथे आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये एक मांडणी केली, ती आजही कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे वापरतात. ज्या कामात मागणी फार आणि स्वतः निर्णय घेण्याची मुभा कमी, त्या कामात माणूस सर्वांत जास्त पिचतो, असे तिचे सार आहे. काउंटरवरील लिपिकाचे काम याहून वेगळे नाही. रांग किती लांब असावी हे त्याच्या हातात नसते, संगणक कधी बंद पडावा हे नसते, आणि पावती कधी पास व्हावी हेही नसते.

इथे एक निरीक्षण सांगावेसे वाटते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा आमच्या शाखेबाहेर रस्त्यापर्यंत रांगा होत्या, रोख पुरत नव्हती, रात्री उशिरापर्यंत हिशेब जुळवावे लागत होते, आणि त्या सगळ्या काळात शाखेत एकही वाद झाला नाही. एकमेकांचे डबे आम्ही एकमेकांना भरवले. वाद सुरू झाले ते गर्दी ओसरल्यावर. बाहेरचा ताण स्पष्ट दिसत असतो तोवर माणसे त्याच्याकडे तोंड करून उभी राहतात. तो दिसेनासा झाला, पण थकवा मात्र उरला, की ती एकमेकांकडे वळतात. पुढे मी ज्या समुपदेशक बाईंकडे गेले त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, की संकट टळल्यानंतर आजारी पडणारी कुटुंबे त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.

माझा तंटा होता तो आमच्या पासिंग अधिकाऱ्यांशी. ते माझ्याहून वयाने बरेच लहान, कामाला चोख आणि बोलायला कडक होते. व्हाउचरमध्ये, म्हणजे पास करायच्या पावतीत, काही राहिले असेल तर ते आपल्या टेबलावरूनच, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, ‘मॅडम, हे असं कसं चालेल?’ गाव लहान, रांगेतील निम्मी माणसे ओळखीची. हळूहळू असे झाले की रविवारी दुपारपासूनच पोटात कालवाकालव सुरू व्हायची, झोप तुटायची, आणि बँकेत पाऊल टाकले की त्यांची खुर्ची रिकामी आहे का भरलेली, एवढेच आधी दिसायचे. रक्तदाब वाढला म्हणून गावातील डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळी दिली आणि मिरजेच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ताही दिला. सांगली जिल्ह्यात मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव, तिथे गेल्याचे कोणाला विशेष वाटत नाही, हीही एक सोयच झाली.

त्या बाई ज्या पद्धतीने काम करीत होत्या तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. तिचे जनक अल्बर्ट एलिस हे मुळात मनोविश्लेषण शिकलेले. वर्षानुवर्षे बालपण उकरत बसण्याने रुग्णाचे आजचे दुःख फारसे हलत नाही, हे पाहून त्यांनी १९५५ पासून न्यूयॉर्कमध्ये ही वेगळी वाट धरली. माणूस घटनांमुळे अस्वस्थ होत नाही, घटनांविषयीच्या आपल्या धारणांमुळे होतो, हे एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचे म्हणणे त्यांनी पायाला घेतले आणि त्यावर उपचाराची एक पद्धत उभी केली. घटना, त्या घटनेविषयीची धारणा आणि तिचा भावनेवर व वागण्यावर होणारा परिणाम, असे तीन भाग वेगळे करायचे आणि मग धारणेला प्रश्न विचारायचे, हा तिचा कणा. महाराष्ट्रात ही पद्धत सामान्य माणसापर्यंत पोचवण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ यांचा मोठा वाटा आहे. मानसशास्त्राचा विषय मराठीतून, व्याख्यानांतून आणि शिबिरांतून, शिक्षक, पालक, कामगार यांच्यापर्यंत गेला, त्यामुळेच आमच्यासारख्यांना मिरजेच्या त्या खोलीत बसून बोलताना परके वाटले नाही.

पहिल्या बैठकीत बाईंनी एक साधी रेघांची वही पुढे केली आणि तिच्या पानावर तीन रकाने आखायला सांगितले. पहिल्या रकान्यात काय घडले ते लिहा, म्हणाल्या. मी लिहिले, ‘साहेबांनी सगळ्यांसमोर माझा अपमान केला.’ त्यांनी ते वाचले, पेन्सिलने ‘अपमान केला’ हे शब्द गोलात घेतले आणि विचारले, ‘तुमच्या शाखेत सीसीटीव्ही आहे ना? त्यात काय दिसलं असतं?’ मी थोडा विचार करून सांगितले, की साहेबांनी व्हाउचर हातात धरून वर केले, माझ्याकडे पाहिले आणि ते वाक्य उच्चारले, असे दिसले असते. ‘आणि रांगेतली माणसं?’ दोघे-तिघे वळून पाहत होते, बाकीचे मोबाइलमध्ये होते. ‘मग एवढंच पहिल्या रकान्यात. अपमान दुसऱ्यात जाईल.’ कॅमेऱ्यात काय आले असते ते तपासण्याची ही युक्ती एलिस यांच्याकडे शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ मॅक्सी मॉल्ट्सबी यांची आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. मात्र ती किती अवघड आहे हे त्याच दिवशी कळले, कारण एक पान भरायला आमचा जवळजवळ सगळा वेळ गेला. ‘नेहमीच’, ‘मुद्दाम’, ‘मला खाली दाखवायला’ असे शब्द एकेक करून पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात जात राहिले आणि शेवटी पहिल्या रकान्यात जे उरले ते एखाद्या तक्रार अर्जात लिहिता येईल इतके स्वच्छ होते.

दुसऱ्या रकान्यावर आम्ही पुढे बराच काळ काम केले. तिथे जे सापडले ते साधेच होते. माझ्या वयाचा आणि सेवेचा मान ठेवला गेलाच पाहिजे. तो ठेवला गेला नाही तर ते भयंकर आहे. आणि लोकांनी एकदा मला असे पाहिले की त्यांच्या लेखी माझी काही किंमत उरली नाही. बाईंनी यातील पहिल्या वाक्याला हात लावताना फार काळजी घेतली, आणि याबद्दल मला त्यांच्याविषयी कायम आदर वाटत आला आहे. मान ठेवला जावा ही अपेक्षा अगदी योग्य आहे, ती सोडू नका, असे त्या स्पष्ट म्हणाल्या. प्रश्न फक्त त्या ‘च’चा आहे. समोरच्या माणसाने आपल्या अपेक्षेप्रमाणे वागलेच पाहिजे, असा नियम जगात कोणी लिहिलेला नाही. तो लिहिला आहे असे धरून आपण चाललो की प्रत्येक वेळी तो मोडल्याचा धक्का नव्याने बसतो, आणि धक्क्यातल्या माणसाला मागणी मांडता येत नाही, फक्त तळमळता येते.

एलिस यांच्या पद्धतीचा मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग हा, की ती वाईट भावना काढून टाकायला सांगत नाही. आपल्याशी कोणी वाईट वागले तर वाईट वाटलेच पाहिजे. तीव्र संताप आणि ठाम नाराजी या दोन निराळ्या अवस्था आहेत आणि त्यांतून निरनिराळी वागणूक निघते, एवढेच ती म्हणते. संतापलेला माणूस एक तर फटकन बोलतो, नाही तर तोंड शिवून बसतो. नाराज माणूस टेबलाशी जाऊन ‘मला हे पटलेले नाही’ असे म्हणू शकतो. मला आठवते, मी बाईंना विचारले होते, की म्हणजे मी हे सगळे सहन करायचे का? त्या म्हणाल्या, ‘सहन करायला इथे यायची गरज नव्हती, ते तुम्ही आधीपासून करतच होता.’

या पद्धतीवर घेतला जाणारा मोठा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मी हलका मानत नाही. सगळे जर धारणेवरच असेल तर अन्याय करणारा सुटला आणि सोसणाराच दोषी ठरला, असे लोक म्हणतात. ही पद्धत घाईने आणि अर्धवट वापरणाऱ्यांच्या हातून असे घडतेही. पण तीन रकान्यांपैकी पहिला रकाना खरवडून स्वच्छ केलेला असतो तो याचसाठी, की त्यात जे उरते ते खरोखरच चुकीचे असू शकते, आणि चुकीचे असेल तर ते बदलायला सांगण्याचे काम अजून बाकी असते. धारणेवरचे काम ही त्या कामाची पूर्वतयारी आहे. पूर्वतयारीपाशीच उपचार थांबवला तर तो माणसाला गप्प करण्याचाच एक प्रकार होतो.

आमची पुढची तयारी बोलण्याची होती. समोर एक रिकामी खुर्ची ठेवून आधी मी माझे बोलले, मग त्या खुर्चीत बसून साहेबांच्या बाजूने बोलले. मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत अशा संभाषणाचा एक क्रम शिकवतात, त्याचाच बाईंनी आधार घेतला होता: आधी घडलेली गोष्ट विशेषणांशिवाय सांगायची, मग तिचा आपल्यावर झालेला परिणाम, मग नेमकी मागणी, आणि ती मान्य झाल्याने समोरच्याचाही काय फायदा आहे ते. शेवटचा भाग ठरवताना मला साहेबांच्या खुर्चीत बसावे लागले आणि तिथे बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी मला माहीत होती पण मी तिचा कधी विचार केला नव्हता. आधीच्या शाखेत त्यांच्या पासिंगमधून एक खोटी सही निसटली होती आणि त्या चौकशीत त्यांची वेतनवाढ थांबली होती. याने त्यांचे मोठ्याने बोलणे योग्य ठरत नाही. पण त्यांना कशाची भीती आहे हे कळल्यामुळे त्यांना पटेल अशी मागणी तयार करता आली.

प्रत्यक्ष बोलणे झाले ते एका शनिवारी, कॅश बंद झाल्यावर. मी म्हटले, ‘साहेब, गेल्या मंगळवारी आणि परवा तुम्ही माझं व्हाउचर रांगेसमोर मोठ्याने परत केलंत. लोकांसमोर असं झालं की माझा हात थरथरतो आणि पुढच्या दोन नोंदींत चुका होण्याची भीती वाटते. चूक असेल तर जरूर परत करा, पण बोलू नका, खूण करून परत पाठवा. त्याने तुमची तपासणी कमी होणार नाही, उलट माझ्याकडून येणारी कामं जास्त नीट येतील.’ ते काही वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, गर्दीत एवढे लक्षात राहत नाही. मी तेच वाक्य पुन्हा म्हटले, त्याच आवाजात. हेही शिकवलेले होते. यावर त्यांनीच सुचवले, की परत करायच्या व्हाउचरसाठी एक वेगळा ट्रे ठेवू, शिपाईमामा तो फेरीत आणून देतील. सोमवारपासून लाल रंगाचा ट्रे त्यांच्या टेबलावर आला.

त्या ट्रेची गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा मला मेरी पार्कर फॉलेट या विदुषी आठवतात. बॉस्टनमध्ये वस्त्यांतील लोककेंद्रे चालवण्याचे काम केलेल्या या बाईंनी १९२५ मध्ये संघर्षाविषयी एक व्याख्यान दिले. संघर्ष मिटवण्याचे तीन मार्ग असतात असे त्यांचे म्हणणे: एकाने दुसऱ्यावर मात करावी, दोघांनी थोडे थोडे सोडावे, किंवा दोघांनाही जे खरोखर हवे आहे ते ज्यात बसेल असा तिसराच मार्ग शोधावा. त्यासाठी त्यांनी हार्वर्डच्या ग्रंथालयातील एका लहान खोलीचे उदाहरण दिले. तिथे एकाला खिडकी उघडी हवी होती आणि फॉलेट यांना ती बंद हवी होती. शेवटी पलीकडच्या खोलीतील, जिथे कोणी बसलेले नव्हते तिथली, खिडकी उघडण्यात आली. कारण त्या माणसाला हवा खेळती हवी होती आणि फॉलेट यांना उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता. खिडकी उघडी की बंद, एवढ्यावरच दोघे अडून बसले असते तर हा मार्ग दिसलाच नसता. मला शांतपणे ऐकवले जायला हवे होते आणि साहेबांना एकही चुकीचे व्हाउचर सुटायला नको होते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे कळायला मात्र आधी माझ्या मनातला गोंगाट थांबावा लागला.

आता जिथे हे सारे लागू पडत नाही, किंवा मुळीच लागू करू नये, त्याविषयी जास्त तपशिलाने लिहायला हवे, कारण आज कंपन्यांमध्ये समुपदेशनाचा जो प्रसार होत आहे त्याचा सर्वांत मोठा धोका इथे आहे. माझी एक भाची पुण्याजवळच्या एका संगणक कंपनीत आहे. रात्री अकरानंतर येणाऱ्या फोनबद्दल तिने वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली, तेव्हा तिला उत्तर मिळाले ते कंपनीच्या समुपदेशकाची वेळ घेण्याच्या सूचनेच्या रूपात. सूचना गोड शब्दांत होती. पण तिचा अर्थ असा होतो, की फोन हा प्रश्न नसून तुझी त्यावरची प्रतिक्रिया हा प्रश्न आहे. तक्रारीला उत्तर म्हणून समुपदेशन देणे हा त्या तक्रारीचा आणि समुपदेशनाचा, दोघांचाही अवमान आहे. समुपदेशनाला माणसाने आपणहून जायचे असते. मेमोसारखे हातात ठेवलेले समुपदेशन ही शिक्षा असते, मग ती कितीही सहानुभूतीने दिलेली असो.

शिवाय समुपदेशकाचे पैसे कंपनी देत असेल तर तिथे बोललेले कोठे जाते, हा प्रश्न भाचीने विचारला, आणि तो प्रत्येकाने पहिल्याच बैठकीत विचारावा. कर्मचाऱ्यांसाठी अशी सेवा देण्याची प्रथा मुळात अमेरिकेत, १९४० च्या दशकात, कारखान्यांतील कामगारांच्या दारूच्या प्रश्नातून सुरू झाली, तेव्हापासून माणसाची काळजी आणि कामाचे उत्पादन हे दोन हेतू तिच्यात एकत्र नांदत आले आहेत. दोन्ही हेतू वाईट नाहीत, पण ते नेहमी एका दिशेने जात नाहीत. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे आणि जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद ठेवले आहेत. कंपनीच्या समुपदेशकाला नोंदी कोण पाहते, नावानिशी अहवाल जातो की केवळ आकडे जातात, हे लेखी विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. उत्तर गुळमुळीत आले तर बाहेरचा समुपदेशक गाठावा.

आणि लैंगिक छळ असेल तर समुपदेशकाची खोली ही पहिली पायरीच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालाने घातलेला पाया कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने पक्का केला. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, आणि लहान आस्थापनांतील स्त्रियांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. समेट घडवायचा तर तो केवळ तक्रारदार स्त्रीने मागितला तरच, आणि त्यात पैशांची तडजोड चालत नाही, हेही कायद्यात लिहिले आहे. ‘दोघांनी एकत्र बसून बोलून घ्या’ असे अशा प्रकरणात सुचवणारा माणूस, मग तो मानसशास्त्राचा पदवीधर का असेना, कायद्याच्या विरुद्ध सल्ला देत असतो.

जातीच्या बाबतीत तर मला याहूनही अधिक काळजी वाटते, कारण तिथे घटना बहुतेक वेळा कॅमेऱ्यात मावत नाही. चहाच्या वेळी एकाचा पेला न बोलता वेगळा राहतो, ‘तुमचं काय, तुम्हाला बढती मिळणारच’ असे हसत म्हटले जाते, आडनाव विचारल्यानंतर संभाषण जरा लवकर संपते. हे अनुभवणारा सहकारी समुपदेशकाकडे गेला आणि तिथे त्याला ‘ही तुमची धारणा असू शकते का?’ असे विचारले गेले, तर तो पुन्हा कोठेही बोलणार नाही. पहिला रकाना स्वच्छ करण्याची शिस्त इथे समुपदेशकाला अधिक हवी. पेला वेगळा ठेवला जातो ही घटना आहे, भावना नाही, आणि तिचा एकच अर्थ आपल्या समाजात शतकानुशतके ठरलेला आहे. अशा माणसाला उपचाराची गरज असेल तर ती झोप परत मिळवण्यासाठी, आपली किंमत दुसऱ्याच्या नजरेतून न मोजण्यासाठी आणि तक्रारीच्या दीर्घ लढाईत टिकण्यासाठी असते. ती लढाई चुकवण्यासाठी त्याचा वापर होऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत व्यक्तीसाठीच्या उपायांबरोबर कामाच्या रचनेत करायचे बदल आणि वरिष्ठांचे प्रशिक्षण यांचीही शिफारस आहे. वरिष्ठांचे प्रशिक्षण हा मला कळीचा मुद्दा वाटतो. आमच्या साहेबांना व्हाउचर तपासायला शिकवले गेले होते, कर्जाची कागदपत्रे वाचायला शिकवले गेले होते, पण चुकीचे काम माणसाचा मान न दुखवता परत कसे करावे हे त्यांना कोणीही, कधीही शिकवलेले नव्हते. ते शिकण्यासारखे आहे असेही कोणाला वाटत नव्हते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. खाजगी समुपदेशकाची फी लिपिकाच्या पगारात सहज बसत नाही, आणि तालुक्याच्या गावातून जाण्यायेण्याचा अर्धा दिवस जातो तो वेगळाच. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. रात्री झोप येत नसताना निदान पहिले बोलणे तिथे करता येईल. नियमित उपचाराची जागा मात्र फोन घेऊ शकत नाही. आणि कोणाकडे जाताना त्यांचे शिक्षण काय, ते कोणत्या पद्धतीने काम करतात, एवढे विचारून घ्यावे. चांगल्या समुपदेशकाला हे प्रश्न आवडतात.

आमच्या शाखेत लाल ट्रे आला तरी एक गोष्ट तशीच होती: तीन लिपिकांचे काम दोघे करीत होतो. निवृत्त झालेल्या सहकाऱ्याची जागा भरलेली नव्हती, आणि व्हाउचरमधल्या चुकांचे खरे कारण पुष्कळदा तेच होते. हा प्रश्न माझ्या धारणेतही नव्हता आणि साहेबांच्या स्वभावातही नव्हता, म्हणून तो त्या दोन्ही ठिकाणी सोडवता येण्यासारखा नव्हता. मी वहीतील पहिले रकाने काढले, कोणत्या दिवशी किती व्हाउचर, काउंटरवर किती माणसे, किती परत आली, अशी यादी केली, आणि ती घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी ती वाचली आणि काही न बोलता खाली स्वतःचीही सही केली. युनियनने ते पत्र मुख्य कार्यालयाला दिले. बऱ्याच पाठपुराव्यानंतर बाजाराच्या दिवसांपुरता एक लिपिक शेजारच्या शाखेतून येऊ लागला. पूर्ण वेळेची जागा मी निवृत्त झाले तेव्हाही भरलेली नव्हती, आणि त्याबद्दलचे दुसरे पत्र साहेबांनी तयार करायला घेतले होते.